आवाज यायलाय का?

मांजरसुंब्याच्या चौकात आवाजाची टंचाई कधीच नव्हती. उत्तरेला घाट उतरला की बीड, दक्षिणेला चौसाळ्यावरून धाराशिव आणि सोलापूर, पश्चिमेला पाटोदा, पूर्वेला नेकनूर, केज, अंबाजोगाई. चारी दिशांनी येणारा प्रत्येक जण हॉर्न वाजवूनच आपण पोचल्याचं कळवतो. घाट चढून आलेले ट्रक इथं येऊन फुस्स करतात. एस.टी.चा कंडक्टर डबल घंटी मारतो, जीपवाला 'केज, केज, केज' म्हणून घसा कोरडा करतो, पावसाळा सरताना बालाघाटातली सीताफळं पाट्यांत घेऊन बसलेल्या बायका गाड्यांच्या काचांशी भाव करतात. कार्तिकी पौर्णिमा जवळ आली की कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीकडे निघालेल्या दिंड्यांचे टाळ त्यात मिसळतात. आणि या सगळ्याच्या मधोमध एखादा तरुण, दोन्ही कानांत पांढरी बोंडं खोचून, एका हातानं फोन तोंडासमोर धरून, जगाला एकच प्रश्न विचारत उभा असतो.

'आवाज यायलाय का?'

उत्तर येतंच असं नाही. आलं तर असं येतं: 'तुझा नाही यायला. ट्रकचा यायलाय.'

व्हिडिओ कॉल गावात रुजला तो २०२० च्या टाळेबंदीत. टाळेबंदी गेली, तो राहिला. सरकारी खात्यात त्याला 'व्हीसी' म्हणतात. पूर्वी साहेब जागेवर नसले की 'दौऱ्यावर' असत, आता 'व्हीसीत' असतात. ग्रामसेवकाची व्हीसी, मुख्याध्यापकांची व्हीसी, आशाताईंची व्हीसी. तिचा पहिला भाग 'आवाज येतोय का' या विषयाला आणि शेवटचा भाग 'कृपया सर्वांनी माइक बंद करा' या विषयाला वाहिलेला असतो. मधे वेळ उरला तर कामकाज.

ट्रंककॉलच्या पिढीचं बरं होतं. आवाज अंतराच्या प्रमाणात काढायचा असतो, हे शास्त्र तिला पाठ होतं. बीडला फोन असेल तर साधा आवाज, औरंगाबादला असेल तर जरा चढवून, आणि मुंबईला असेल तर पोस्टाबाहेर सायकल लावणाऱ्यालाही घरचा मजकूर समजेल असा. माझी आई अजून त्याच शास्त्रानं चालते. तिच्या हातात कुणी मोबाइल दिला की ती आधी विचारते, 'कुठून बोलायलाय त्यो?' गावाचं नाव ऐकते, मग आवाज ठरवते. तिचं बोलणं कधी कुणाला ऐकू आलं नाही असं झालेलं नाही. कित्येकदा फोन न लावताही झालं असतं.

आमचा पुतण्या पुण्याच्या एका कंपनीत आहे. म्हणजे आमच्याच माळवदावर आहे. रेंज तिथं बरी येते म्हणून पत्र्याच्या खोलीत त्यानं आपलं ऑफिस मांडलंय: एक बाज, बाजेवर लॅपटॉप, शेजारी स्वयंपाकघरातला धूर वर सोडणारा झरोका. सकाळी दहाला त्याची मीटिंग सुरू होते. बड्सचा माइक चालेना की घरातला प्रत्येक जण वैद्य होतो. 'काढून परत घाल.' 'डबीत ठेव, झाकण लाव.' 'फोन बंद करून चालू कर.' थोरल्या भावानं आयुष्यभर रेडिओ चापट्या मारून चालवला. त्यांचं मत, 'एक ठेवून दे त्याला.' एवढ्या लहान वस्तूला चापट मारायची कुठं, एवढाच प्रश्न उरतो.

यातला डबीचा उपाय मात्र खुळा नाही. डबीत ठेवून झाकण लावलं की बड्स फोनशी संबंध तोडतात आणि बाहेर काढल्यावर पुन्हा नव्यानं ओळख करून घेतात. बराचसा घोळ त्या मधल्या अबोल्यात निवतो. नाही निवला तर फोनच्या ब्लूटूथच्या यादीतून त्यांचं नाव काढून टाकावं आणि सोयरीक पहिल्यापासून जुळवावी. कधी कधी तर दोघांचाही दोष नसतो. मीटिंगच्या अ‍ॅपला माइक वापरण्याची परवानगीच दिलेली नसते. अ‍ॅपनं पहिल्या दिवशी ती रीतसर मागितलेली असते. पण बँकेचं खातं कुणीतरी लुटायला आलंय या धास्तीनं आपण 'नाही' दाबून मोकळे झालेलो असतो.

खरी फसगत मात्र दुकानातच सुरू होते. डब्यावर दोन अक्षरसमूह असतात, एएनसी आणि ईएनसी. गिऱ्हाईक म्हणतं, 'बाहेरचा आवाज बंद करणारं द्या.' दुकानदार म्हणतो, 'हे घ्या, एकदम बंद.' बंद होतो, पण कुणाला? एएनसी हा ऐकणाऱ्याच्या कानासाठी असतो. बाहेरच्या घरघरीच्या नेमक्या उलट लहरी तयार करून तो तुमच्या कानातली घरघर मारतो. तुम्ही काय बोलता आणि ते पलीकडं कसं पोचतं, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. ते काम ईएनसीचं. त्यासाठी दोन किंवा जास्त माइक लागतात. कुठला आवाज तोंडाच्या दिशेनं आला आणि कुठला दुसरीकडून, याचा हिशेब मांडून बाहेरचा कमी करायचा, अशी ती पद्धत.

आता चौकातला तो तरुण पुन्हा पाहा. त्यानं चांगले पैसे मोजून एएनसीवाले बड्स घेतलेत. त्याच्या कानात समाधी लागलीय. ट्रक नाही, जीपवाला नाही, डबल घंटी नाही. आपण एखाद्या गुहेत बसून बोलतोय असं त्याला प्रामाणिकपणे वाटतं. पलीकडच्या माणसाला मात्र अख्खा चौक ऐकू येतोय. त्यात कान बुजल्यामुळं स्वतःचा आवाजही नीट ऐकू येत नाही, म्हणून तो आणखी मोठ्यानं बोलतो. परिणामी संबंध चौकाला त्याचा पगार कळतो, मॅनेजरबद्दलचं मत कळतं, राजीनाम्याचा विचार कळतो; कळत नाही ते फक्त ज्याच्यासाठी बोलणं चाललंय त्याला. चहावाला तर हल्ली अशांचे निरोप पुढं पोचवतो.

दुसरी तक्रार अशी की गाणं झकास वाजवणारे बड्स कॉल आला की एकदम बसक्या, किनऱ्या आवाजात का जातात. ज्यांनी मांजरसुंब्याचा जुना घाट पाहिलाय त्यांना हे लवकर कळेल. आता चौपदरी रस्ता आहे. गाणं ऐकताना ब्लूटूथ तसाच चालतो, तोही सगळे पदर एकाच दिशेनं: फोनकडून कानाकडं, सेकंदाला तीनशे किलोबिटांच्या आसपास माल. माइक चालू केला रे केला की तो मुकाट जुन्या घाटात शिरतो. रस्ता एकच, अरुंद, आणि समोरूनही गाड्या. जायला ६४ किलोबिट, यायला ६४. सगळा माल त्यात मावत नाही, म्हणून तो बराचसा खाली उतरवूनच गाडी सोडतात. गाण्यासाठी सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने घेतले जातात. बोलण्याच्या जुन्या पद्धतीत ८,०००, त्यानंतरच्या पद्धतीत १६,०००. आठ हजार नमुन्यांत चार हजार हर्ट्झच्या वरचं काहीच बसत नाही, आणि 'स'चा बराचसा जीव नेमका त्या वरच्या पट्टीत असतो.

हे बीड जिल्ह्यात किती महागात जाऊ शकतं ते पाहा. दसरा जवळ आला की मुकादम उसतोडीच्या टोळ्या बांधतो. एका कोयत्यामागं उचल किती, हे हल्ली फोनवर ठरतं. एकानं 'साठ' म्हणावं, वाटेत 'स' गळावा आणि दुसऱ्या टोकाला 'आठ' उतरावेत. मग 'साठ, साठ! सहावर पूज्य!' असा खुलासा होतो, आणि तोही 'अहा'वर पूज्य होऊन पोचतो. हजारांच्या व्यवहारात असा आनंदोद्गार ऐकल्यावर समोरच्याचा संशय वाढतो तो वेगळाच. म्हणून ज्यांना पैशाचं बोलायचं असतं ती शहाणी माणसं बड्स काढून खिशात ठेवतात आणि फोन सरळ कानाला लावतात. फोनचा स्वतःचा माइक या घाटानं जातच नाही.

तोडगा निघालाय असं सांगतात. २०२० मध्ये एलई ऑडिओ नावाची नवी पद्धत जाहीर झाली, तिच्यात कमी जागेत जास्त चांगला आवाज बसतो. पण ती फोनातही हवी आणि बड्समध्येही हवी. डब्यावर ब्लूटूथचा नवा आकडा ठळक छापलेला असला म्हणजे आत ती असतेच असं नाही. दुकानदाराला विचारलं तर तो डबा फिरवून आपल्यालाच वाचायला देतो.

ज्याच्या नावानं हा कारभार चालतो तो हॅराल्ड दहाव्या शतकातला डेन्मार्कचा राजा. ब्लूटूथ हे त्याच्या टोपणनावाचं इंग्रजी रूप. डेन्मार्क आणि नॉर्वे त्यानं एका सत्तेखाली आणले म्हणे. १९९७ साली इंटेलच्या जिम कार्डाक यांनी संगणक आणि फोन यांना बिनतारी जोडण्याच्या योजनेला हे नाव तात्पुरतं म्हणून सुचवलं. बरं नाव वेळेत ठरलं नाही आणि तात्पुरतंच कायम झालं. तात्पुरत्या गोष्टी कायम होणं हा केवळ आपल्याच सार्वजनिक बांधकामाचा गुण नव्हे, हे वाचून मला मोठा दिलासा मिळाला.

जोडण्याचा हा राजेशाही सोस बड्समध्ये अजून शिल्लक आहे. काही बड्स एकाच वेळी दोन यंत्रांशी जोडलेले राहतात. पुतण्या माळवदावर कंपनीच्या विक्रीचा तक्ता समजावून सांगत असतो. खाली ओसरीवर धाकट्यानं त्याच्याच जुन्या फोनवर बैलगाडा शर्यतीचा व्हिडिओ लावला की याच्या कानात मॅनेजर गप्प होतो आणि 'भिर्रर्र' सुरू होतं. याहून वाईट म्हणजे गाडीचं ब्लूटूथ. फोन खिशात ठेवून बोलत बोलत माणूस अंगणात येतो, तेवढ्यात कुणीतरी बोलेरो चालू करतं. फोनला गाडीची जुनी ओळख असते. तो बड्स सोडून तिच्याकडं धावतो. आता मॅनेजर बोलेरोच्या स्पीकरमधून, आत बसलेल्या पाच जणांसमोर, पुतण्याला कामातल्या दिरंगाईचा जाब विचारत असतो. पाचांपैकी एक जण त्याची बाजूही मांडतो.

लॅपटॉपवर आणखी निराळा घोटाळा. एकच बड्स तिथल्या यादीत दोनदा दिसू शकतात. एकदा गाण्यासाठी, एकदा बोलण्यासाठी. त्यातला गाण्याचा निवडला तर माइक मिळतच नाही. मग लॅपटॉप स्वतःचाच माइक वापरतो आणि त्याबद्दल कुणाला काही सांगत नाही. माणूस कानातल्या बोंडाशी जीव तोडून बोलत माळवदाच्या दुसऱ्या टोकाला गेलेला असतो. इकडं बाजेवरचा लॅपटॉप शांतपणे घर ऐकत असतो. पडद्यावर माइकच्या चिन्हाशेजारी छोटा बाण असतो. त्यावर दाबलं की कुठला माइक चालू आहे ते दिसतं. अर्धे रोग तिथंच बरे होतात. पण तो बाण दाबण्याआधी माणसं लॅपटॉप बदलण्यापर्यंत जातात.

उरलेले रोग शरीराचे. बड्सच्या माइकचं भोक टाचणीच्या टोकाएवढं. त्यात आपल्याकडची धूळ, कानातला मळ आणि डोक्याला चोपडलेलं खोबरेल यांचं छान लुकण बसतं. ते मऊ, कोरड्या ब्रशनं हळू झाडायचं असतं. पण मराठी घरात कुठलंही भोक दिसलं की वहिनींचा हात मंगळसूत्राकडं जातो. तिथं सेफ्टी पिन असते. ती पिन पायातला काटा काढते, सुटलेली नाडी ओवते, दातातली सुपारी काढते, गॅसची शेगडी मोकळी करते. बड्सच्या भोकात ती घातली की मळ आणखी आत जातो आणि तिथला नाजूक पडदा फाटतो. 'आता बोल,' वहिनी म्हणतात. त्यानंतर ते बोंड कधीच बोलत नाही.

उन्हाळ्यात इथला माणूस कानांवरून रुमाल बांधल्याशिवाय बाहेर पडत नाही. म्हणजे माइक रुमालाच्या आत, तोंड बाहेर. वर बड्सच्या पाठीला स्पर्शानं चालणारं अदृश्य बटण असतं. रुमाल घासला की कॉल कटतो, दुसऱ्यांदा घासला की गाणं लागतं. आणि बालाघाटाचा वारा! या डोंगरांवर पवनचक्क्या उगाच नाही उभ्या राहिल्या. वारा माइकच्या भोकावर आपटला की पलीकडं नुसती भरभर जाते, आणि ती कुठल्याही यंत्राला पुरती निपटता येत नाही. भिंतीकडं तोंड करून उभं राहणं हाच त्यावरचा उपाय. आमच्या गावात भिंतीशी बोलणारी माणसं हल्ली वाढलीत. त्यातली सगळीच चिंतेची नाहीत.

'चेहरा नाही दिसला तर चालतं, आवाज पाहिजे,' हे पुतण्या मला नेहमी सांगतो, आणि पुरावा म्हणून टेक्सासच्या वकिलाचा दाखला देतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथल्या न्यायालयाच्या व्हिडिओ सुनावणीत एका वकिलाच्या जागी पडद्यावर मांजराचं पिल्लू आलं. कुणीतरी आधी लावून ठेवलेला मुखवटा त्यांना काढता येईना. डोळे गरगर फिरवत ते पिल्लू न्यायाधीशांना सांगत होतं की मी इथं हजर आहे, मी मांजर नाही. जगभर तो व्हिडिओ फिरला, लोक हसले. माझ्या मते त्यातली खरी कौतुकाची गोष्ट कुणी पाहिलीच नाही. त्या वकिलाचा माइक उत्तम चालू होता. शब्दन् शब्द कळत होता, म्हणून तर न्यायाधीशांना समजलं की मांजराआड वकील आहे. माइक बंद असता तर कामकाजात मांजर हजर, वकील गैरहजर अशीच नोंद झाली असती.

शेवटी येतो तो आवाज निवडणारा कारकून. मीटिंगच्या अ‍ॅपमध्ये हल्ली एक यंत्रणा बसलेली असते. माणसाचं बोलणं कुठलं आणि गोंगाट कुठला, हे तिला शिकवलेलं असतं. पंख्याची घरघर, ट्रकचं इंजिन, कोंबड्या, कुकर हे सगळं ती गाळते. पेटी आणि टाळही ती गाळते. टाळेबंदीत आमच्या भजनी मंडळानं घरोघर बसून व्हिडिओवर भजन लावलं होतं. अभंग अर्ध्या वाटेत विरला आणि बुवांचं 'अरे, ताल धर की, गधड्या' एवढंच महाराष्ट्रभर स्वच्छ पोचलं. कारण ते बोलणं होतं. यंत्रणेला बोलणं कळतं. बोलणारा कोण, ते तिला कुणी मुद्दाम शिकवलं नसेल तर कळत नाही. ज्यांनी ती बनवली त्यांच्या डोळ्यांसमोर एक माणूस, एक खोली, बंद दार असणार. मांजरसुंब्यात खोली कुणाची एकट्याची नसते, दार लावलं तर 'बरं नाही का रं' म्हणून चौघं चौकशीला येतात.

मागं एका तिमाहीच्या मीटिंगला असंच झालं. पुतण्याच्या बड्सचा माइक बंद, तो वाऱ्याला पाठ देऊन माळवदाच्या टोकाला, लॅपटॉप झरोक्याशेजारी. पडद्यावर त्याच्या नावाचा चौकोन उजळलेला, आणि आवाज मात्र वहिनींचा, घाटातल्या ट्रकचा लवलेशही नसलेला, आकाशवाणीवर यावा इतका स्वच्छ: 'आज संध्याकाळपर्यंत सरकी पेंडीची दोन पोती आली पाहिजेत. आणि वाण्याची मागची बाकी चुकती करून टाक, पुन्हा पुन्हा सांगायला लावू नको.'

पुण्यातली एक मुलगी मीटिंगचा वृत्तांत लिहीत होती. नेमून दिलेलं काम तिनं नेटकेपणानं केलं. पुतण्याच्या नावापुढं दोन कामं पडली, मुदत आजची, प्राधान्य वरचं. वृत्तांत सगळ्यांना गेला. कुणी काही बोललं नाही. कदाचित सगळ्यांना ते एखाद्या ग्राहकाचं सांकेतिक नाव वाटलं असेल.

दुसऱ्या दिवशी दहाला मॅनेजरनं यादी उघडली. त्या दिवशी बड्स नेमके चालू होते.

'पेंडीचं काय झालं?'

पुतण्या क्षणभर थांबला. मग म्हणाला, 'सर, बाकी चुकती केली. पोतं मात्र एकच मिळालं.'

झरोक्यातून आवाज आला, 'दोन सांगितली होती!'

'बरोबर आहे त्यांचं,' मॅनेजर म्हणाले, 'वृत्तांतात दोनच आहेत.'